चाळिशीतलं पोट, ऐंशीतलं वजन

९ नोव्हेंबर २०२५, रविवार

कॅलिफोर्नियातल्या कैसर पर्मनन्टे या आरोग्यसंस्थेनं १९६४ ते १९७३ या काळात आपल्या सभासदांची सविस्तर तपासणी केली होती. उंची, वजन, रक्तदाब यांच्या जोडीला कातडीची घडी चिमट्यात धरून तिची जाडीही मोजली होती. एकदा दंडाच्या मागे, एकदा पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली. त्यातली काही माणसं तेव्हा चाळीस ते पंचेचाळीस वर्षांची, नोकरीधंद्यात बुडालेली. पुढे रेचल व्हिटमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातल्या १०,२७६ जणांच्या नोंदी पुन्हा काढल्या आणि १९९४ ते २००३ या वर्षांत कोणाला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, झाला ते पाहिलं. ७१३ जणांना झाला होता. चाळिशीत जे लठ्ठ होते त्यांच्यात धोका ७४ टक्क्यांनी जास्त, ज्यांचं वजन नुसतं थोडं जास्त होतं त्यांच्यात ३५ टक्क्यांनी. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांचा वाटा बाजूला काढूनही फरक उरला. कातडीची घडी ज्यांची सर्वांत जाड, त्यांचंही तेच.

हा अभ्यास २००५ साली छापून आला. आज तो मुळापासून वाचून काढला. कनिष्ठ महाविद्यालयात मी जीवशास्त्र शिकवते. आमच्याकडे मेंदूचा धडा वेगळा, पचनाचा वेगळा, आणि चरबी येते ती आहाराच्या तक्त्यात. या तिघांचा एकमेकांशी चाळीस चाळीस वर्षं व्यवहार चालू असतो हे मुलांना कुठे दिसत नाही.

वाचायचं कारण मात्र घरातलं आहे. आई वाईहून माझ्याकडे राहायला आली आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची फाइल तिच्या पिशवीतच होती. दीड वर्षापूर्वीचं वजन त्यात लिहिलेलं आहे, ५४ किलो. आज सकाळी तिला काट्यावर उभं केलं. ४८.

वय ८१. पथ्य नाही, चालणं वाढलेलं नाही, कोणी सांगितलेलं नाही. पोलकी सैल झाली आहेत, बांगड्या कोपराकडे सरकतात. सोसायटीतल्या बायका कौतुकानं म्हणतात, “आजी, किती छान बारीक झालात हो! गुडघ्यांना बरं पडत असेल.” आई हसते. मला ते सहा किलो कुठे गेले हे कळल्याशिवाय चैन पडणार नाही. दूध गॅसवर ठेवून ती गॅलरीत जाऊन बसते हेही या दिवसांत पाहते आहे.

१२ नोव्हेंबर, बुधवार

व्हिटमर यांचा दुसरा अभ्यास २००८ चा. यात त्यांनी वजन बाजूला ठेवून पोट घेतलं. कैसरच्याच जुन्या नोंदींत ६,५८३ जणांची पाठीपासून पोटापर्यंतची जाडी मोजलेली होती. सरासरी ३६ वर्षांनी पाहिलं, तर ज्यांचं पोट सर्वांत पुढे आलेलं होतं अशा पाचव्या हिश्श्यात डिमेन्शियाचा धोका सर्वांत सपाट पोटाच्या पाचव्या हिश्श्याच्या मानानं जवळजवळ तिप्पट निघाला. लठ्ठ आणि पोटही सुटलेलं, अशांचा तर साडेतीन पटींहून जास्त. वजन बेताचं पण पोट सुटलेलं, अशा माणसांतही धोका वाढलेला दिसतो. पण तिथला आकडा डळमळीत आहे, त्यामुळे त्यावर फार भार टाकता येत नाही.

तरी मला ही शेवटची गोष्टच महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे माणसं तशीच आहेत. हातपाय काडीसारखे, चेहरा उतरलेला आणि शर्टाखाली पोट. बँकेत, शाळेत, एसटीच्या स्टँडवर, कुठेही पाहावं.

१६ नोव्हेंबर, रविवार

भाऊ आला होता आईला भेटायला. वय ४६, बँकेत नोकरी, रोज आठ-नऊ तास खुर्चीत. “ताई, माझं सगळं नॉर्मल आहे. बीएमआय बावीस पॉइंट आठ.” म्हणजे उंचीच्या मानानं वजन बेताचं. मी टेप आणली. कंबर ९६ सेंटिमीटर भरली.

त्याला पुण्याचीच गोष्ट सांगितली. केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपलाच फोटो छापला. शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्यात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्यात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे, हे खरं. पण याज्ञिकांचं म्हणणं त्याच्या पलीकडे जातं. पुण्याजवळच्या सहा गावांत त्यांनी १९९३ पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तिथे जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन होतं २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपल्या बाळांचे स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण चरबी मात्र जवळपास राखलेली. हडकुळं दिसणारं बाळ आतून चरबीचं असतं. आईच्या पोटातल्या उपासमारीची ही खूण आहे आणि ती घेऊनच आपण चाळिशीला पोचतो.

भाऊ गप्प बसून ऐकत होता. भावजय म्हणाली, “म्हणजे काट्यावर विसंबून चालायचंच नाही?” काट्याला कळत नाही की हे किलो स्नायूचे की चरबीचे, आणि चरबी कातडीखाली आहे की आतड्यांभोवती, यकृतात. म्हणून आशियाई माणसांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये सावध होण्याची बीएमआयची रेघ २५ वरून २३ वर आणली. भारतातल्या डॉक्टरांनी पुढे कंबरेचीही रेघ ठरवली. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. मोजायची कुठे, तेही नीट सांगितलं. पँटचा पट्टा बांधतो तिथे नव्हे. पट्टा पोटाखाली सरकलेला असतो. शेवटची बरगडी आणि कंबरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सहज सोडून, पोट आत न ओढता.

भावजयीनं स्वतःची मोजली. आकडा तिनं सांगितला नाही आणि मीही विचारला नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीतली मोजमापं पाहिली, तर पोट सुटलेल्या बायका ४० टक्के आहेत, पुरुष १२ टक्के. दुपारी डबे, संध्याकाळी स्वयंपाक, मध्ये उरलंसुरलं संपवणं, स्वतःसाठी चालायला बाहेर पडायचं तर घरातल्या चौघांची सोय लावून. या ४० टक्क्यांमागे तो सगळा दिवस आहे. त्याला आळस म्हणणाऱ्या माणसाशी मी भांडायला तयार आहे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पोटातल्या चरबीचा डोक्याशी संबंध येतो कसा? अकरावीच्या मुलीनं तासानंतर थांबून विचारलं, म्हणून इथे नीट मांडून ठेवते.

मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के, पण शरीर स्वस्थ असताना खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के तो एकटा घेतो. ती पोचवतात बारीक बारीक रक्तवाहिन्या. रक्तदाब आणि साखर वाढलेली राहिली की या वाहिन्यांच्या भिंती जाड होतात, कडक होतात. मेंदूच्या आतल्या पांढऱ्या भागाला, म्हणजे जिथून एका भागाचे निरोप दुसऱ्या भागाला जातात तिथे, रक्त कमी पडू लागतं. एमआरआयमध्ये तिथे पांढरे डाग दिसतात. हा झाला पहिला मार्ग, आणि सर्वांत पक्का.

दुसरा चरबीचा स्वतःचा. चरबी म्हणजे नुसता साठा, असं आम्हाला शिकवलं होतं. १९९४ साली रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं लेप्टिनचं जनुक शोधलं आणि चरबीही संप्रेरकं सोडते हे पक्कं झालं. लेप्टिन मेंदूला सांगतं की पोटापुरतं साठलेलं आहे, आता थांब. चरबी फार वाढली की लेप्टिनही वाढतं, पण मेंदू ते ऐकेनासा होतो. शिवाय पोटातल्या फुगलेल्या चरबीत रोगप्रतिकारक पेशी येऊन बसतात आणि दाह निर्माण करणारे रेणू रक्तात सोडत राहतात. ताप नाही, दुखणं नाही, पण धग वर्षानुवर्षं चालू. इन्सुलिनचा परिणाम बोथट होतो, आणि मेंदूच्या पेशींनाही इन्सुलिन लागतं. तिसरा मार्ग झोपेचा. मानेभोवती चरबी वाढली की रात्री घशातला श्वासमार्ग मिटतो, माणूस घोरतो, मध्येच श्वास थांबतो, ऑक्सिजन खाली जातो. झोप अशी तुटत राहिली की दिवसभर लक्ष लागत नाही.

केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये २० ते ८७ वयाच्या ४७३ जणांचे मेंदू तपासले. जादा वजनाच्या माणसांच्या मेंदूतला पांढरा भाग मध्यम वयापासून पुढे कमी भरला. चाळिशीतल्या जाड माणसाचा मेंदू या बाबतीत पन्नाशीतल्या सडपातळ माणसासारखा. हा दहा वर्षांचा फरक वर्तमानपत्रांनी ठळक छापला. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट फार कमी जणांनी छापली. बुद्धीच्या चाचण्यांत दोन्ही गटांत काही फरक नव्हता.

हे मी त्या मुलीला मुद्दाम दोनदा सांगितलं. आमच्या वर्गात लठ्ठ मुलाला मठ्ठ म्हणतात, आणि जाड बाईला विसराळू धरूनच चालतात. या संशोधनातून असं काही निघत नाही. हजारो माणसांच्या सरासरीत दिसणारा, तीस-चाळीस वर्षांनी उमटणारा धोका एक गोष्ट. समोर बसलेल्या माणसाची अक्कल ही दुसरी. हिणवून कोणाचं वजन उतरत नाही. हिणवलेलं मूल मैदानावर यायचं बंद होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आता उलटा अभ्यास. २०१५ साली ब्रिटनमधल्या जवळजवळ २० लाख लोकांच्या डॉक्टरी नोंदींवरून एक निष्कर्ष आला आणि सगळे चक्रावले. चाळिशीपुढची माणसं घेतलेली. बीएमआय २० च्या खाली असलेल्यांत डिमेन्शियाचा धोका ३४ टक्क्यांनी जास्त. आणि वजन वाढत जाईल तसा धोका कमी. ४० च्या वर बीएमआय असलेल्या अतिलठ्ठांत २९ टक्क्यांनी कमी! म्हणजे खात सुटावं? काही ठिकाणी बातम्या तशाच आल्या.

उत्तर २०१८ मध्ये मिळालं, आणि संशोधनातल्या सबुरीचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. मिका किविमाकी यांनी ३९ अभ्यास एकत्र केले, १३ लाखांवर माणसं. प्रश्न एकच विचारला. वजन मोजलं आणि डिमेन्शिया झाला, या दोहोंत वर्षं किती गेली? वीस वर्षांहून जास्त गेली असतील तर जास्त वजनाबरोबर धोका वाढलेला. दहा वर्षांहून कमी असतील तर जास्त वजनाबरोबर धोका घटलेला. लंडनच्या सरकारी नोकरांवर १९८५ पासून चाललेला ‘व्हाइटहॉल’ अभ्यास तर प्रत्येक माणसाच्या वजनाची २८ वर्षांची रेघ काढून दाखवतो. पुढे ज्यांना डिमेन्शिया झाला त्यांचं वजन निदानाच्या आधी २८ ते १६ वर्षं इतरांपेक्षा जास्त होतं. निदानाला आठेक वर्षं उरली तेव्हा ते इतरांपेक्षा खाली गेलेलं होतं. मधल्या काळात दोन रेघा एकमेकींना छेदून गेल्या.

आजार मेंदूत शिरतो तो नाव विसरायच्या कितीतरी आधी. भूक, वास, चव, जेवणाची आठवण, भाजी चिरण्यापासून फोडणीपर्यंतचा क्रम, हे सगळं मेंदूच सांभाळतो. ते ढासळू लागलं की माणूस कमी खातो, वजन उतरतं. उतरलेलं वजन आजाराला बोलावत नसतं, आजार आलेला असतो म्हणून वजन उतरतं. एकच आकडा चाळिशीत एक सांगतो आणि सत्तरीत नेमकं उलट.

रात्री आईच्या ४८ कडे पुन्हा पाहिलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

डॉक्टरांकडे गेलो. वजनाची जुनी नोंद हातात दिल्यावर त्यांनी पहिला प्रश्न त्याबद्दलच विचारला. ठरवून न उतरवलेलं वजन सहा ते बारा महिन्यांत पाच टक्क्यांनी उतरलं तर त्याचा शोध घ्यायचाच, असा त्यांचा नियम. आईचं दीड वर्षात अकरा टक्के. मेंदूकडे बघण्याआधी बाकीचं बघायला हवं, म्हणाले. थायरॉइड, साखर, बी-१२, क्षयरोग, कुठे गाठ, दात, आणि मनाची उदासी. बाबा गेल्यापासून ती एकटी जेवते का, हेही विचारलं.

मग आईला तारीख विचारली. आईनं आधी तिथी सांगितली, मार्गशीर्ष शुद्ध द्वितीया, आणि ती बरोबर होती. इंग्रजी तारीख आली नाही. घड्याळ काढायला दिलं तर सगळे आकडे एका बाजूला गोळा झाले. तीन शब्द सांगितले होते, थोड्या वेळानं एक आठवला. आई सातवी शिकलेली. डॉक्टर म्हणाले की कमी शिकलेल्यांना या चाचण्या अवघड जातात. एवढ्यावरून नाव द्यायचं नाही.

परतताना रिक्षात आई म्हणाली, “मला नापास केलं का गं?” मी म्हटलं, “आई, कोणी नापास करत नाही. रक्त तपासू, मग बघू.”

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कालची बातमी आज सगळीकडे आहे. वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइड या औषधाची गोळी अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकाराची वाटचाल मंदावते का, हे बघायला नोव्हो नॉर्डिस्क कंपनीनं दोन मोठ्या चाचण्या केल्या होत्या. आजार अगदी सुरुवातीच्या टप्प्यात असलेली ३,८०८ माणसं. गोळीनं आजार मंदावला नाही.

आपल्याकडे याच वर्षी अशा वजन उतरवणाऱ्या औषधांची इंजेक्शनं बाजारात आली. आमच्या शिक्षककक्षातही त्यांची चर्चा असते. एक सहकारी म्हणाल्या, “म्हणजे वजन आणि मेंदूचा संबंध खोटाच ठरला.” तसं ठरत नाही. ही माणसं आजारी पडून झालेली होती. आज ४५ वर्षांच्या माणसाचं पोट कमी केलं तर ७५ व्या वर्षी काय होईल, हा प्रश्न त्या चाचणीत विचारलाच नव्हता. त्याचं उत्तर यायला तीस वर्षं लागतात आणि इतका काळ चाचणी चालवणं कोणाला परवडत नाही. ज्यांना मधुमेह आहे, वजनानं चालणं अशक्य झालं आहे, त्यांनी डॉक्टरांच्या देखरेखीखाली ही औषधं जरूर घ्यावीत. आईच्या वयाच्या, आधीच उतरत चाललेल्या माणसाला मात्र कोणाच्या सांगण्यावरून भूक मारणारं औषध देणं मला भीतीदायक वाटतं. त्यात स्नायूही जातात.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. आईनं सकाळपासून उपास धरला. घट मांडला, कथा वाचली. वाचताना कुठे अडली नाही. मी विनवलं, “आई, दूध-केळं तरी घे, शेंगदाण्याचे लाडू खा, देवीला चालतं ते.” थोडं ऐकलं. देवीचं आणि तिचं नातं मी तोडायला जाणार नाही. पण ऐंशी ओलांडलेल्या, वजन उतरत असलेल्या माणसाचा कडक उपास घरच्यांनी सैल करायलाच हवा.

२ डिसेंबर, मंगळवार

आज वर्गात एक मुलगी चक्कर येऊन बसली. सकाळी नुसता ग्रीन टी. तिला बारीक व्हायचं आहे. ती आधीच बारीक आहे.

तिच्यावरून अमेरिकेतले ॲन्सेल कीज आठवले. बीएमआय हे नाव त्यांनी दिलं, १९७२ साली. सूत्र त्यांचं नव्हे. बेल्जियमच्या केतले यांनी ते १८३० च्या सुमारास मांडलं होतं, आणि तेही सरासरी माणूस शोधण्यासाठी, रोगी शोधण्यासाठी नव्हे. याच कीज यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी तरुणांवर अर्धपोटी राहण्याचा प्रयोग केला होता. युद्धात लढायला नकार देणारे हे तरुण स्वखुशीनं आले होते. सहा महिने त्यांना निम्म्याच्या आसपास अन्न दिलं. वजन सुमारे चौथ्या हिश्श्यानं उतरलं. शरीर खंगलं हे अपेक्षितच होतं. मनाचं काय झालं ते वाचवत नाही. अन्नाशिवाय दुसरा विचार सुचेना, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे, चिडचिड, उदासी, माणसं नकोशी, लक्ष लागत नसल्याची तक्रार. उपाशी मेंदू उपाशी पोटाहून वेगळा राहत नाही.

आपल्या देशात २०१९-२१ च्या पाहणीत २४ टक्के बायकांचं वजन जादा आणि १८.७ टक्के बायकांचं गरजेपेक्षा कमी निघालं. दोन्ही एकाच तालुक्यात, कधी एकाच घरात. आणि देशपातळीवर साठीपुढच्या माणसांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज २०२३ मध्ये आला. त्यात शहरांपेक्षा खेडी पुढे, पुरुषांपेक्षा बायका पुढे. हा खाऊन सुखावलेल्यांचा आजार आहे असं म्हणणाऱ्यानं हे आकडे बघावेत. शाळा न मिळालेली, पोटभर न जेवलेली, अशी माणसं त्यात मोठ्या संख्येनं आहेत.

७ डिसेंबर, रविवार

भाऊ पुन्हा आला. पंधरवड्यात तो संध्याकाळी चालायला लागला आहे. नदीच्या घाटापर्यंत आणि परत. आल्या आल्या विचारलं, “ताई, नेमकं किती उतरवायचं?”

यावर मला जे खरं वाटतं ते सांगितलं. २०२४ मध्ये ‘लॅन्सेट’च्या आयोगानं डिमेन्शियाला हातभार लावणाऱ्या आणि बदलता येण्यासारख्या चौदा गोष्टी सांगितल्या. सगळ्या मिळून सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येईल असा त्यांचा हिशेब. त्यात लठ्ठपणाचा स्वतंत्र वाटा फक्त १ टक्का. कमी ऐकू येणं ७ टक्के, वाईट कोलेस्टेरॉल ७ टक्के. पण त्या यादीत उच्च रक्तदाब, मधुमेह, बैठं जगणं हे वेगवेगळे धरलेले आहेत, आणि लठ्ठपणा आपलं बरंचसं नुकसान त्यांच्याच वाटेनं करतो. म्हणून एकट्या वजनाला शत्रू मानून त्याच्या मागे लागण्यात मला अर्थ दिसत नाही. मधुमेही आणि जाड माणसांचं वजन वर्षानुवर्षं नेटानं कमी ठेवण्याचा ‘लुक अहेड’ नावाचा मोठा अमेरिकी प्रयोग झाला. त्यांच्या बुद्धीच्या तक्रारी त्यामुळे एकूणात कमी झालेल्या दिसल्या नाहीत. उलट फिनलंडमध्ये मिया किविपेल्तो यांनी ६० ते ७७ वयाच्या १,२६० जणांना दोन वर्षं एकदम चार गोष्टी दिल्या. बरा आहार, व्यायाम, मेंदूला काम, आणि रक्तदाब-साखरेवर नजर. त्यांची स्मरण आणि विचार यांच्या चाचण्यांतली प्रगती नुसता सल्ला मिळालेल्यांपेक्षा २५ टक्क्यांनी सरस ठरली. २०१५ साली हे निकाल आले आणि यंदा जुलैत अमेरिकेत दोन हजारांवर लोकांवर तसाच कार्यक्रम करून पाहिला, तिथेही शिस्तीच्या कार्यक्रमाला यश मिळालं.

“म्हणजे?” भाऊ म्हणाला.

“म्हणजे काट्याचा आकडा सोड. रोज चाल, रक्तदाब आणि एचबीएवनसी ही साखरेची चाचणी कर, घोरतोस त्याची तपासणी कर, रात्रीचं जेवण आठच्या आत घे. कंबर आपोआप खाली येईल. ९० हा आकडा धर.”

भावजय म्हणाली, “आणि मी?” तिच्या चालण्याच्या वेळेत स्वयंपाक भावानं करायचा असं ठरलं. ते टिकतं का बघायचं.

१३ डिसेंबर, शनिवार

आईचे अहवाल आले. बी-१२ फारच कमी. इंजेक्शनं सुरू केली. थायरॉइड ठीक, छातीचा फोटो ठीक, गाठ कुठे नाही. कवळी हिरड्यांवर बसत नाही, म्हणून ती वरणभाताशिवाय काही चावत नव्हती आणि हे कोणाला बोलली नव्हती. नवी कवळी होईल. एमआरआयमध्ये बारीक वाहिन्यांचे डाग आहेत, वयाच्या मानानं थोडे जास्त. डॉक्टर म्हणाले, सहा महिन्यांनी चाचणी पुन्हा करू, तोवर वजन वाढवायचं. मुगाचं धिरडं, पनीर, दही, कूट घालून भाजी, भातावर तूप, आणि जेवताना सोबत. आज काटा ४८.६ दाखवतो. तारखेसह भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहिलं. आता दर महिन्याला लिहायचं.

हे पान कोणाच्या वाचनात आलं, तर दोन गोष्टी कराव्यात ही विनंती. तुम्ही चाळिशी-पन्नाशीत असाल तर आज टेप घेऊन कंबर मोजा, वजन कितीही बरोबर असलं तरी. आणि घरात साठीपुढचं माणूस असेल तर त्याचं वजन दर महिन्याला तारखेसह लिहून ठेवा. कोणी न ठरवता ते उतरू लागलं तर कौतुक करत बसू नका, डॉक्टरांकडे न्या. पन्नास किलोंच्या माणसाचे पाच टक्के म्हणजे अडीच किलो.